आडनावाचा रकाना

नैरोबीत रुजू झालो त्या पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे पगारपत्रक आलं. शंभरेक माणसं आणि कोरी एक्सेल फाइल. सवयीने तीन रकाने पाडले: नाव, वडिलांचं नाव, आडनाव. आपल्याकडे शाळेच्या दाखल्यापासून सातबाऱ्यापर्यंत हेच चालतं. त्यात न मावणारा माणूस मी तोवर पाहिला नव्हता. इथे दुपार झाली तरी तिसरा रकाना जवळजवळ रिकामाच. गोदामात दोन सख्खे भाऊ होते, त्यांची शेवटची नावं वेगवेगळी. एका बाईचं पहिलं नाव बायबलमधलं, दुसरं तिचं स्वतःचं, तिसरं वडिलांचं, चौथं नवऱ्याचं, आणि ओळखपत्रावर यातली तीनच. शिवाय निम्म्या पुरुषांची नावं 'ओ'ने सुरू होणारी: ओतिएनो, ओन्यांगो, ओचिएंग, ओधिआम्बो. आपल्या '-कर'सारखं काहीतरी असेल, एकाच भावकीतली माणसं असतील, असं धरून मी ती बिनदिक्कत आडनावाच्या रकान्यात टाकली.

महिनाअखेरीला सात जणांचे पगार बँकेतून परत आले. चूक माझीच होती, नावं मागेपुढे झाली होती. गोदामातला एक वयस्क माणूस माझ्या टेबलाशी आला. ओरडला नाही. खुर्ची ओढून बसला आणि म्हणाला, "तुम्ही माझा पगार माझ्या वडिलांना पाठवलात. ते तर जाऊन वीस वर्षं झाली."

मग त्यानेच मला नावं शिकवली. चहाच्या सुट्टीत, मंदाझी खात. मंदाझी म्हणजे गोडसर, फुगलेली, तळलेली पुरी समजा.

तो लुओ. व्हिक्टोरिया सरोवराच्या काठची ही माणसं. किसुमू हे त्यांचं मोठं शहर. 'ओ' म्हणजे मुलगा, 'अ' म्हणजे मुलगी, आणि पुढचं उरलेलं नाव म्हणजे जन्माची वेळ. पहाटे झाला तर ओमोंदी. सकाळचा ओकिन्यी. ऊन चढायला लागल्यावरचा ओन्यांगो. सूर्य डोक्यावर असताना ओचिएंग. दिवस कलल्यावर ओधिआम्बो. रात्रीचा ओतिएनो. मध्यरात्र उलटल्यावरचा ओदुओर. मुली अनुक्रमे अमोंदी, अकिन्यी, अन्यांगो, अचिएंग, अधिआम्बो, अतिएनो, अदुओर. पाऊस पडत असेल तर ओकोथ किंवा अकोथ. जुळ्यांतलं आधीचं ओपियो, नंतरचं ओदोंगो, आणि जुळ्यांच्या पाठीवर आलेलं ओकेलो. म्हणजे ओकेलो भेटला की न विचारता कळतं, याच्या वर दोन जुळी आहेत.

माझे 'ओ'वाले एका भावकीतले नव्हतेच. ते एका घड्याळातले होते.

घड्याळही तिथलं वेगळं. स्वाहिलीत दिवस उजाडल्यापासून तास मोजतात. सकाळचे सात म्हणजे 'सा मोजा', पहिला तास. विषुववृत्त जवळून गेलेलं, त्यामुळे सूर्य वर्षभर साधारण एकाच वेळी उगवतो नि मावळतो, आणि हा हिशेब चुकत नाही. आपल्याकडेही पत्रिकेसाठी जन्मवेळ मिनिटासकट टिपून ठेवतात, पण ती जाते कपाटात. ज्योतिषी सोडला तर ती कुणी विचारत नाही. लुओंची जन्मवेळ आयुष्यभर हाकेत राहते. कुणी लांबून "अतिएनो" अशी हाक मारली की त्या हाकेत एका रात्रीची उठबस, कंदील, सुईणीला बोलवायला धावलेलं कुणीतरी, असं सगळं असतं. आमच्या गोदामातल्या म्हाताऱ्याची एक तक्रार होती: आता सिझेरियन डॉक्टरच्या सोयीने होतात, पुढच्या पिढीत सगळे ओन्यांगोच निघतील.

बराक ओबामांच्या आजोबांचं नाव हुसेन ओन्यांगो ओबामा, हे मला तेव्हा नव्याने ऐकू आलं. म्हणजे एकेकाळी जगातला सर्वांत ताकदवान असलेल्या माणसाचे आजोबा सकाळी ऊन वर आल्यावर जन्मले असणार. सावत्र बहिणीचं नाव आउमा: उपडी जन्मलेली. नोव्हेंबर २००८मध्ये ओबामा निवडून आले तेव्हा किसुमूच्या इस्पितळात बराक आणि मिशेल नावांची रांगच लागली होती. आम्हाला हे हसू येण्यासारखं वाटतं; पण लुओंच्या लेखी त्या दिवशी जन्मलेल्याचं दुसरं नाव काय असणार? टोळधाड आली त्या साली जन्मलेला ओबोन्यो, उपासमारीतला ओकेच, तर मग निवडणुकीतला बराक.

एक नाव मात्र त्याने सांगितलं आणि मी मंदाझी खाली ठेवली. ओविती. मुलगी असेल तर अविती. अर्थ: फेकून दिलेलं.

आधीची मुलं जगत नसली की पुढच्याला हे नाव. मृत्यूला वाटावं, हे तर आईबापांनीच टाकलंय, याला नेऊन काय करायचं. मी सातारा जिल्ह्यातला. मला हे समजवावं लागलं नाही. आमच्या आळीत एक धोंडू होता, एक दगडू, आणि केरोबा नावाचे एक गृहस्थ होते. जन्मल्याबरोबर केरात ठेवून उचलून घेतलेलं पोर. लहानपणी आम्ही त्यांना हसायचो, आणि आजी प्रत्येक वेळी चिडायची. तिची स्वतःची चार गेली होती. इथिओपियातही अशीच नावं आहेत: कासा म्हणजे भरपाई, गेलेल्याच्या बदल्यात आलेला, मास्रेशा म्हणजे विसरायला लावणारा. ही नावं ऐकताना भाषा कळावी लागत नाही.

पण इथे एक हिशेब मांडलाच पाहिजे. दगडू, ओविती या खोट्या शिव्या आहेत. आत माया काठोकाठ भरलेली, वरून यमाला फसवायला नावं ठेवलेली. आमच्याच जिल्ह्यात 'नकोशी' हेही नाव होतं, आणि ते खरं होतं. २०११मध्ये साताऱ्यात २८५ मुलींची अशी नावं समारंभ करून बदलली. ऐश्वर्या झाल्या, वैशाली झाल्या. त्या म्हाताऱ्याला मी नकोशीचा अर्थ सांगितला तर त्याला आधी वाटलं, हीसुद्धा अवितीच. नाही म्हटल्यावर तो बराच वेळ कपातला चहा हलवत राहिला, साखर कधीच विरघळली होती तरी.

टीव्हीवर मॅरेथॉन लागली की आमच्या ऑफिसात काम बंद. रिफ्ट खोऱ्याच्या उंच पठारांवरची कालेंजिन माणसं, आणि पडद्यावर एकामागून एक 'किप' आणि 'चेप'. 'किप' मुलगा, 'चेप' किंवा 'जेप' मुलगी. ऑक्टोबर २०१९मध्ये व्हिएन्नात एलियुद किपचोगे १ तास ५९ मिनिटं ४० सेकंदांत मॅरेथॉनचं अंतर धावला, त्याच्या नावात धान्याची कणगी आहे: कणगीपाशी जन्मलेला. किप्रोप पावसातला. चेरुइयोत, सगळे झोपलेले असतानाचा. किप्रोनो, शेळ्यामेंढ्या घरी परततानाचा. आपल्याकडे गोरज मुहूर्तावर लग्नं लागतात. तिथे गोरज हे माणसाचंच नाव. चोवीस वर्षं राष्ट्राध्यक्ष राहिलेल्या डॅनियल अराप मोई यांचं जन्मनाव तोरोइतिच, 'गुरं घरी आली, त्यांचं स्वागत करा' अशा अर्थाचं. 'अराप' म्हणजे 'चा मुलगा', आणि ते लागतं वयात आल्याचे संस्कार झाल्यावर. तोवर बापाचं नाव मिरवायचा हक्कच नाही.

या लोकांत एक जुनी रीत होती, ती मला सर्वांत आवडली. बाळ जन्मलं की बायका भोवती बसून गेलेल्या पूर्वजांची नावं एकेक करून पुकारत. ज्या नावाला बाळ शिंकलं, ते त्याचं. तोच पूर्वज परत आला. नावं लवकर संपायला आली तर नाकाशी तपकिरीची चिमूटही धरायचे म्हणे. देवाच्या कामाला थोडा हातभार. लुओंकडेही तसंच, गेलेलं माणूस कुणाच्या तरी स्वप्नात येऊन नाव सांगतं, किंवा बाळ रडत राहतं आणि बरोबर नाव उच्चारलं की गप्प होतं.

आपल्या बारशात आत्या बाळाच्या कानात 'कुर्रर्र' करून नाव सांगते. तू अमुक हो. तिथे बाळ सांगतं, मी अमुक आहे, ओळखलं का? मला वाटतं, या एका फरकातून बाकीचे बरेच फरक निघतात. आम्ही पुस्तकं आणि आता मोबाइल उघडून 'युनिक' नाव शोधतो, कुणाचंच नसलेलं. तिथे कुणाचंच नसलेलं नाव म्हणजे ज्याच्याकडे कुणी परत आलं नाही असं पोर.

माझ्या शेजारच्या टेबलावर किकुयू समाजातली एक बाई बसायची. माझ्याच वयाची, हिशेबात माझ्यापेक्षा पक्की. दुपारी तिला घरून फोन यायचा, आणि इंग्रजी, स्वाहिली, किकुयू अशा मिसळीतून मला एकच शब्द नीट कळायचा, कारण तो आपलाच आहे: बाबा. "बाबा, जेवलास का?" "बाबा, दार उघडू नको कुणाला." मला वाटलं, म्हातारे वडील घरी असतील, एकटे राहत असतील. सहानुभूतीने एकदा विचारलंही, वडिलांची तब्येत कशी आहे. ती म्हणाली, "ठणठणीत. नियेरीला असतात, शेती करतात." मग हे बाबा कोण? तेवढ्यात पुन्हा फोन वाजला आणि ती कडाडली, "बाबा, भिंतीवर रेघोट्या ओढल्यास तर याद राख!"

बाबा पाच वर्षांचे होते.

किकुयूंचा नियम सरळ आहे. पहिला मुलगा बापाच्या बापाचं नाव घेतो, दुसरा आईच्या बापाचं. पहिली मुलगी बापाच्या आईचं, दुसरी आईच्या आईचं. पुढे काका, मामा, आत्या, मावश्या, वयाच्या क्रमाने. आजोबा हयात असले तरी चालतं. नातू म्हणजे आजोबांचाच पुन्हा जन्म. मग सुनेने सासऱ्याच्या नावाच्या पोराला अरेतुरे करत नावाने कसं पुकारायचं? म्हणून 'बाबा'. रागवायचं असेल तरी 'बाबा'.

मी तिला माझी गोष्ट सांगितली. माझं नाव आजोबांचं आहे. ते मी दोन महिन्यांचा असताना गेले आणि पाळण्यात नाव बदललं. माझ्या आईने आजवर एकदाही ते उच्चारलेलं नाही. सासऱ्याचं नाव सुनेने घ्यायचं नाही. ती मला अप्पा म्हणते. शाळेतल्या बाईंनी पहिल्या दिवशी हजेरी घेतली तेव्हा मी गप्प बसून राहिलो होतो, कारण ते नाव माझं आहे हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. हे ऐकून मराठी मित्र हसतात, 'काय जुनाट' म्हणतात. ती हसली नाही. तिने सहज मान हलवली आणि म्हणाली, "म्हणजे तू तुझ्या आईचा सासरा."

चाळीस वर्षांत माझ्या नावाचा इतका चोख खुलासा कुणी केला नव्हता.

किकुयू बायकांची नावं मोजकीच वाटतात: वंजिरू, वम्बुई, वंगारी, न्याम्बुरा, वंजिकू. कारण दंतकथेत गिकुयू आणि मुम्बी या मूळ दांपत्याला झाल्या त्या मुलीच, आणि त्यांच्यापासून कुळं चालली. मुली दहा, पण म्हणायचं 'पुरत्या नऊ'. माणसांची नेमकी मोजणी तोंडाने करू नये. आपल्याकडे धान्य मापताना पहिल्या पायलीला 'एक' न म्हणता 'लाभ' म्हणतात, त्याच जातीचं हे. यातल्या वंजिकूला तर बढतीच मिळाली. नव्वदच्या दशकात राज्यघटनेच्या वादात अध्यक्ष मोई यांनी विचारलं, वंजिकूला घटनेतलं काय कळतं? लोकांनी ते नाव उचललं, आणि तेव्हापासून केनियात वंजिकू म्हणजे सामान्य नागरिक. आपल्या सामान्य माणसाला चौकड्यांचा कोट मिळाला, नाव नाही मिळालं.

आणि वंगारी मथाई. शांततेचं नोबेल मिळवणाऱ्या पहिल्या आफ्रिकी बाई, २००४. जन्मनाव वंगारी मुता. शाळा-चर्चच्या दिवसांत आधी मिरियम, मग मेरी जोसेफिन झाल्या. अमेरिकेत शिकून आल्यावर ती नावं उतरवून ठेवली आणि वंगारी झाल्या. लग्नानंतर नवऱ्याचं नाव लागलं. १९७९मध्ये घटस्फोट झाला आणि नवऱ्याने सांगितलं, आता माझं नाव लावायचं नाही. त्यांनी काय करावं? त्या नावात रोमन लिपीतला एक जास्तीचा 'ए' घातला. आता ते नवऱ्याचं राहिलं नाही, त्यांचं झालं. उच्चारही किकुयूच्या जास्त जवळ गेला. एका अक्षरात कोर्टाचा, समाजाचा आणि व्याकरणाचा असे तीन निकाल लावून टाकले. माझ्या आईचं लग्नात तांदळाच्या ताटात अंगठीने नवं नाव लिहिलं. जुनं नाव माहेरच्या दोन म्हाताऱ्यांनी तेवढं चालू ठेवलं होतं. त्या गेल्या आणि ते बंद पडलं. तिला असा एखादा जास्तीचा काना मिळाला असता तर, असं मला वंगारीबाईंचं चरित्र ऐकल्यावर वाटत राहिलं.

मिशनऱ्यांची नावं हा वेगळा अध्याय. बाप्तिस्मा म्हटलं की बायबलमधलं किंवा युरोपी नाव हवंच, अशी समजूत होती. कामाउ वा न्गेंगी आधी जॉन्स्टन झाला, मग स्वतःच ठरवून जोमो केन्याटा, केनियाचा पहिला राष्ट्राध्यक्ष. लेखक जेम्स न्गुगीने जेम्स टाकला आणि न्गुगी वा थिओंगो झाला. 'वा' म्हणजे 'चा', थिओंगोचा न्गुगी. आमच्या ऑफिसातही प्रत्येकाकडे एक 'इंग्रजी नाव' होतं, मुलाखतीला नेसायच्या इस्त्रीच्या कपड्यांसारखं. नैरोबीत राहिलेल्या जुन्या गोवेकरांना हे परकं नव्हतं. गोव्यात बाप्तिस्म्याच्या वेळी पाद्र्याचं नाहीतर पोर्तुगीज धर्मपित्याचं आडनाव मिळायचं, आणि एका गावचे कामत-प्रभू रातोरात पिंटो-डिसोझा व्हायचे. नैरोबीत जन्मलेला पिओ गामा पिंटो, केनियाचे पहिले उपराष्ट्राध्यक्ष ओगिंगा ओडिंगा यांचा जवळचा साथी, केनियाच्या स्वातंत्र्यासाठी झगडला, गोव्याच्या मुक्तीसाठीही झगडला, आणि १९६५मध्ये घरासमोर गोळ्या खाऊन गेला. त्याच्या नावात केनिया नाही की कोंकणीही नाही. पोर्तुगाल तेवढा आहे. नाव किती थोडं सांगतं, याचं मला ठाऊक असलेलं सर्वांत मोठं उदाहरण हे.

युगांडातल्या फोर्ट पोर्टलला एकदा कामासाठी गेलो. तिथे तोरो राज्याची माणसं प्रत्येकाला नावाखेरीज एक 'एम्पाको' देतात, लाडाचं आणि मानाचंही. अमूती, अकीकी, अबवोली, अतेन्यी अशी ही नावं साऱ्या समाजात मिळून डझनभरच, आणि त्यातलं ओकाली हे राजाचं. भेटल्यावर आधी एम्पाको विचारायचं, त्याशिवाय नमस्कारच पुरा होत नाही. २०१३मध्ये युनेस्कोने ही प्रथा जपायला हवी अशांच्या यादीत घातली. गेस्ट हाउसच्या बाईने मलाही एक देऊन टाकलं. कुठलं ते सांगत नाही. लाडाचं नाव असं चारचौघांत सांगायचं नसतं.

सोमाली टोपणनावांबद्दल मात्र लिहिलंच पाहिजे, कारण आपण एका पंगतीचे. नैरोबीच्या ईस्टली भागात सोमाली दुकानं आहेत. मोहम्मद, अब्दी, अहमद यांची इतकी दाटी, की ओळखायला उंच, बुटका, लंगडा, तोंडाळ अशी नावं तोंडावर घेतात, आणि कुणी रागवत नाही. त्यांचा एक राष्ट्राध्यक्ष फार्माजो म्हणून ओळखला जायचा: इटालियनमधलं चीज. वाकडे, बोके, ढेकणे अशी आडनावं लग्नपत्रिकेवर सोनेरी अक्षरांत छापणाऱ्यांनी यात नवल वाटून घेऊ नये.

तर, तो तिसरा रकाना. शेवटी मी तो काढून टाकला. 'ओळखपत्रावर आहे तसं पूर्ण नाव' असा एकच लांब रकाना केला, पगार वेळेवर जायला लागले.

शेजारच्या टेबलावरच्या तिला पहिला मुलगा, मग मुलगी झाली होती. सासरचे दोघेही परत जन्मून झाले होते. आता नियेरीचे वडील वाट बघत होते. नैरोबीत भाडं, शाळेची फी, दोन मुलं पुरे असं नवराबायकोचं ठरलेलं. पण गावाकडे दर फोनला म्हातारा उगाच खोकून विचारायचा, बाकी काय विशेष? दोनांवर थांबायचं तर आईकडचे जन्मायचेच राहतात, हा हिशेब तिने मला एकदा कॅल्क्युलेटर पुढे ठेवून गंभीरपणे समजावला होता. मी साताऱ्याला परतलो त्या वर्षी तिला दिवस गेले.

मार्चमध्ये तिचा फोन आला. मुलगी झाली. म्हणजे नाव तिच्या आईचं. आईला जाऊन सहा वर्षं झाली होती. मी अभिनंदन केलं आणि चाचरत विचारलं, वडील नाराज झाले का? त्यांचा नंबर पुन्हा हुकला.

ती हसायलाच लागली. बातमी कळल्या कळल्या म्हाताऱ्याने पहाटेची पहिली मटाटू, म्हणजे तिथली मिनीबस, गाठली, केळ्यांचा घड घेऊन दारात हजर झाला, आणि आत शिरायच्या आधीच जावयाला म्हणाला, "माझी बायको कुठाय?"